‘आमच्यात करत्यात...’

कोल्हापूरला जायचं म्हटलं की आपल्या तालुक्यातल्या बायकांची कामं ठरलेली असतात. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडवरची खरेदी, लग्नाचा बस्ता, घरातल्या कुणाचा तरी दवाखाना, नाहीतर विद्यापीठात लेकीच्या कागदपत्रांचं काम. या सगळ्या धावपळीत दसरा चौकातून आपण शंभर वेळा तरी जातो. तिथं राजर्षी शाहू स्मारक भवन आहे. त्याच्या दारात बऱ्याचदा ‘चित्र व शिल्प प्रदर्शन’ असा फलक लागलेला असतो. तो आपण वाचतो आणि पुढं जातो. आत जायला तिकीट नसतं, दारात कुणी अडवत नाही, तरी पाऊल आत वळत नाही. ‘ते शिकलेल्यांचं काम, आपल्याला काय त्यातलं कळतंय?’ असं आपलं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेय, तेही मराठी घेऊन. चित्रकलेतलं मला फार कळतं असा दावा नाही. पण कळत नाही म्हणून बघायचंच नाही, हे मात्र पटत नाही. नाटकातलं तरी आपल्याला कुठं सगळं कळतं? तरी आपण पदर तोंडाला लावून रडतोच ना!

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या गारगोटीच्या बचत गटातल्या अकरा जणी एका प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला गेलो होतो. ते दुपारी लवकर आटोपलं. परतीच्या एस.टी.ला अडीच तास अवकाश. कुणी म्हणालं रंकाळ्यावर जाऊ, कुणी म्हणालं भेळ खाऊ. मी म्हटलं, आधी प्रदर्शन बघू, भेळ कुठं पळून जात नाही. दोघींनी नाकं मुरडली, पण ऊन एवढं होतं की ‘आत पंखा असेल’ या एका मुद्द्यावर सगळ्या तयार झाल्या.

दाराशी गेल्यावर आमच्या सगळ्या बायकांनी चपला काढल्या. देवळाबाहेर काढतात तशा, ओळीनं! आतून एक कलाकार लगबगीनं आले, “अहो ताई, चपला राहू द्या, तशाच या.” पण एकीनंही घातल्या नाहीत. मला त्याचं हसू आलं नाही. जिथं कुणी मन लावून काही केलंय तिथं चपला बाहेर राहिल्या तर काय बिघडलं?

प्रदर्शन सात जणांचं होतं. सगळे आपल्याच जिल्ह्यातले. एक हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिक्षक, एक शेतकरी, एक गणपतीच्या कारखान्यात काम करणारे. एक पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ब्रश घेऊन पाटी रंगवणारे सगळे पेंटर घरी बसले, त्यांतलेच ते. आणि सात जणांत बाई एकच. तिच्याकडे मी पुढं येणार आहे.

आत गेल्यागेल्या समोर गवा! चांगला चार फूट लांब कॅनव्हास. दाट झाडी, सकाळचं धुकं, ओल्या गवतात उभा असलेला काळाभोर गवा आणि त्याच्या पाठीवर दोन पांढरे बगळे. गुडघ्यापासून खाली पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. कलाकाराचं गाव राधानगरीकडचं. राधानगरीचं अभयारण्य म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलं पहिलं. पूर्वी हे दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखीव झालं, पुढं वाढत वाढत साडेतीनशे चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत तेही गेलं. हे सगळं त्या कलाकारानं आम्हाला मन लावून सांगितलं.

आमच्या गटातल्या एक मावशी चित्रापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचं शेत डोंगराच्या कडेला. त्या म्हणाल्या, “पोरा, चितार झ्याक काढलंयस. पर ह्यो लई गरीब दिसतोय. रातच्याला उसात शिरलेला बघितलाईस काय?”

तो कलाकार हसला नाही. “बघितलाय मावशी. आमचंबी शेत तिकडंच हाय. दोन साल भात गेलं.”

झालं! पुढची वीस मिनिटं ते दोघं पिकाची नुकसानी, वन खात्याचा पंचनामा, राखणीचा माळा, डबे वाजवणं यांवरच बोलत राहिले. हजार किलोचं जनावर रात्री बांधावरून उतरतं तेव्हा काय आवाज येतो, तो मावशींनी करूनही दाखवला. कलादालनात दुसरे दोन-तीन प्रेक्षक होते, ते बघतच राहिले. मी विचारलं, “ज्यानं तुमचं भात खाल्लं त्याचं एवढं देखणं चित्र कसं काढावंसं वाटलं?” तो म्हणाला, “ताई, राग येतो तो रात्री. सकाळी जंगलाच्या कडेला तो असा उभा असतो, तेव्हा रागच आठवत नाही.”

मला ९ डिसेंबर २०२० आठवला. पुण्यात कोथरूडमध्ये असाच एक गवा वाट चुकून शिरला होता. माणसांची ही गर्दी मागं लागली, धावून धावून तो घायाळ झाला आणि शेवटी मेला. टी.व्ही.वर आपण सगळ्यांनी बघितलं. त्या दिवशी त्याच्यामागं पळणाऱ्यांपैकी किती जणांनी गवा असा शांतपणे, डोळे भरून कधी बघितला होता, कोण जाणे. मावशींना चित्र आवडलं का, हे मी परतताना विचारलं. “चितार आवडलं, गवा न्हाई,” म्हणाल्या. इतकं सरळ मत मी पेपरातल्या कलासमीक्षेतही वाचलेलं नाही.

पलीकडच्या भिंतीवर निसर्गचित्रं होती. बहुतेक जलरंगातली. जलरंग म्हणजे आपल्या शाळेतल्या वॉटर कलरच्याच जातीचे, पण काम भारी अवघड. तेलरंगात चुकलं तर वरून रंग लावता येतो. जलरंगात एकदा कागदावर पाणी पसरलं की पसरलं. आणि पाण्यावरचा उजेड दाखवायला पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. म्हणजे काय काढायचं याच्याइतकंच काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. हे मला त्या ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं, तेव्हा रांगोळीची आठवण झाली. ठिपक्यांच्या मधली जमीनही रांगोळीतच धरायची असते की!

कोल्हापूरला या कामाची मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्याला फारशी ठाऊक नसते. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ या परिसरात ते पहाटेपासून चित्रं काढत हिंडायचे. १९३१ मध्ये ते गेले. महाराजांच्या निधनानंतर दुःखानं त्यांनी आपली शेकडो चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण ही गोष्ट ऐकल्यापासून त्या तळ्याकडे मी नुसतं तळं म्हणून बघू शकत नाही. एम. व्ही. धुरंधर जन्मले ते १८६७ मध्ये इथंच, कोल्हापुरात. बाबूराव मेस्त्री तर ‘पेंटर’ याच आडनावानं ओळखले गेले. पडदे रंगवले, शिल्पं केली, कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला. नट चंद्रकांत मांडरे आपल्या आयांना पडद्यावरचे म्हणून माहीत. पण ते निसर्गचित्रंही काढायचे. त्यांनी आपलं राजारामपुरीतलं घर चित्रांसकट सरकारला दिलं. तिथं आज त्यांचं संग्रहालय आहे. खरेदीला राजारामपुरीत जाता ना? मग तिथूनच पाच मिनिटं वाकडी वाट करा.

तर आमच्या बायका निसर्गचित्रं बघत होत्या. एक चित्र रोपलावणीचं होतं. पावसाळी आभाळ, खाचरात पाणी, इरली घेतलेल्या वाकलेल्या बायका. सगळ्यांना आवडलं. पण एक वहिनी जवळ जाऊन, मान तिरकी करून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, “ह्यात रोप बायकांच्या पाठीमागं लावलेलं दाखवलंय बघा.”

चित्रकार म्हणाले, “मग?”

“मग काय? रोप लावताना बाई मागं मागं सरकत जाती. लावलेलं म्होरं ऱ्हातंय. तुमच्या चित्रातल्या बायका लावलेल्यावरच पाय दिऊन मागं येणार की!”

दालनात जो हशा पिकला म्हणता! चित्रकार गृहस्थ खरे मोठ्या मनाचे. त्यांनी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं. म्हणाले, “वहिनी, तीन प्रदर्शनांत हे चित्र लावलं. आजवर एकानंही सांगितलं नाही.” कुणी सांगणार कसं? चिखलात वाकलेल्या बायका प्रदर्शनाला येत नाहीत, आणि प्रदर्शनाला येणारे चिखलात वाकलेले नसतात.

त्याच भिंतीवर खाली एक लहानसं चित्र होतं. नुसती एका घराची भिंत. तिच्यावर माणसाच्या उंचीच्या वर एक आडवी मातकट रेघ, आणि भिंतीला टेकवून वाळत घातलेली गोधडी. बाकी काहीच नाही. आमच्यातली एक शिरोळ तालुक्यातली माहेरवाशीण तिथं थांबली ती थांबलीच. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. “आमच्या घरात अजून ती रेघ हाय,” ती हळूच म्हणाली. “रंग दिला तेव्हा आईनं तेवढी भिंत सोडाय लावली.” मग तिनं मोबाईल काढून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ते चित्र दाखवलं. पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आम्हीही मग दुसरीकडे गेलो, तिला तिथंच राहू दिलं.

आता त्या एकट्या बाईकडे येते. प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय असेल पस्तीस-छत्तीस. तिची चित्रं वेगळी वाटत होती, पण का ते आधी कळेना. मग ध्यानात आलं : बाकीच्यांची निसर्गचित्रं नदीकाठून, डोंगरावरून, रानातून काढलेली, हिची सगळी उंचावरून किंवा चौकटीतून. गच्चीवरून दिसणारी कौलं, एस.टी.च्या खिडकीतून दिसणारा घाट, स्वयंपाकघराच्या गजांतून दिसणारा शेवगा. मी म्हटलं, “ही तुमची स्टाइल का?” ती म्हणाली, “स्टाइल कसली मॅडम! जागेवर जाऊन चित्र काढायला एकटी बाई बसली की चार माणसं भोवती जमतात. चित्र बघायला नाही, बाई बघायला. दोनदा प्रयत्न केला. आता खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं काढते.”

मला हे उत्तर फार लागलं. पुरुष चित्रकाराच्या भोवती लोक जमले की तो ‘कलाकार’ असतो. बाईच्या भोवती जमले की तिला घरी जावं लागतं. आणि मग आपण म्हणतो, बायका निसर्गचित्रं का काढत नाहीत!

मुलींना चित्रकला येत नाही असं तर मुळीच नाही. आपल्या शाळांतून एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्यांत मुली किती असतात बघा. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन. तेवढे गुण मिळाले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. पुढं लग्नाच्या बायोडाटात ‘छंद : चित्रकला, मेंदी’ असं लिहायला ती परत आठवते. आणि हे काही आजचं नाही. धुरंधरांची लेक अंबिका १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. तसं करणाऱ्या पहिल्या काही बायकांतली ती एक. घरातच चित्रकार वडील होते म्हणून जमलं. बी. प्रभा नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ मध्ये जन्मल्या. मुंबईत येऊन त्यांनी कोळणींची चित्रं काढली आणि त्या देशभर नावाजल्या गेल्या. त्यांचे यजमान बी. विठ्ठल शिल्पकार. म्हणजे घरातलं माणूस त्याच वाटेवरचं असलं की बाईला वाट सापडते. नसलं तर? तर खिडकीतला शेवगा.

सगळ्यात शेवटी शिल्पं. दोन अर्धपुतळे होते, एक घोडा होता, आणि एका चौरंगावर बसलेला बैल. पुतळे ब्राँझचे दिसत होते, पण होते फायबरचे. आधी सळईचा सांगाडा करायचा, त्यावर शाडू चढवून पुतळा घडवायचा, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि साच्यात फायबर भरायचं. वरून ब्राँझचा रंग. खरं ब्राँझ ओतायचं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना तो खर्च कोण करणार? बैल मात्र भाजलेल्या मातीचा होता. हातभर लांब, पुढचे पाय दुमडून बसलेला, मान वळवून पाठीवरची माशी हाकलतोय असा. बघून हात फिरवावासा वाटे.

जनावर घडवणं हे आपल्याकडं जुनंच. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा लहानसा हत्ती आहे, पाठीवर माणसं बसलेला. मूठभर आकाराच्या वस्तूत काय ऐट आहे! आणि अलिबागजवळ सासवण्याला विनायक करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथं आम्ही मागं एकदा सहलीला गेलो होतो. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये ज्यांनी केला तेच हे करमरकर. त्यांचे वडील गणपती करायचे. मुलानं देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र गोऱ्या कलेक्टरनं बघितलं आणि त्याला मुंबईला शिकायला पाठवलं. सासवण्याला त्यांनी घडवलेली एक म्हैस आहे. ती इतकी जिवंत वाटते की आमच्यातली एक जण लांबूनच म्हणाली होती, “बांधलेली हाय न्हवं?”

तर तो बैल. आमच्या गटात कुंभारवाड्यातली एक सून आहे. वय तिशीच्या आतबाहेर. तीन वर्षांत मीटिंगमध्ये तिच्या तोंडून ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ याखेरीज मी फारसं काही ऐकलेलं नव्हतं. ती बैलापाशी गेली. आधी समोरून बघितलं, मग खाली बसली, आणि मान वाकवून बैलाच्या पोटाखाली बघायला लागली. शिल्पकार जवळच होते. त्यांना वाटलं काही पडलं की काय.

“भोक हाय,” ती म्हणाली, स्वतःशीच.

शिल्पकार एकदम चमकले. “तुम्हाला कसं कळलं भोक असणार ते?”

“आत पोकळ केल्याबगार भाजाय कसं येईल? भरीव ठेवलं तर भट्टीत फुटतंय. आन् पोकळ केलं तर वाफ जायाला वाट पायजे.” मग जरा थांबून म्हणाली, “कान जाड झाल्यात. कानाच्या बुडाला चीर पडली असंल.”

शिल्पकारांनी बैल हलक्या हातानं वळवला. डाव्या कानाच्या मागं केसासारखी बारीक चीर होती, रंगानं झाकलेली. ते म्हणाले, “तुम्ही करता का हे काम?”

ती म्हणाली, “आमच्यात करत्यात.”

मैत्रिणींनो, मी तिच्या घरी कितीदा गेलेय. आषाढातल्या बेंदराला पंचक्रोशीत मातीचे बैल जातात ते तिच्या घरून. उन्हाळ्यापासून माती भिजवण्यात, मळण्यात, एकेक बैल हातानं ओढून त्याला वशिंड, शिंगं, कान लावण्यात तिचा हात असतो. शेकड्यानं बैल होतात. नवरा विकायला नेतो, सासरे रंगाचं बघतात. घडवतात ती आणि तिची सासू. आणि ही बाई काय म्हणते? ‘मी करते’ नाही. ‘आमच्यात करत्यात.’

मीच मग पुढं होऊन सांगितलं. शिल्पकारांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माती कुठली वापरता, घोड्याची लीद घालता का, सावलीत किती दिवस वाळवता असं विचारत बसले. पाऊण तासात ती जेवढं बोलली तेवढं तीन वर्षांत बोललेली नव्हती. शेवटी ते म्हणाले, “पुढच्या वर्षी आमच्या प्रदर्शनात तुमचे पाच बैल मांडा. भाजलेले. खाली तुमचं नाव लावू.” हॉलचं भाडं, निमंत्रणपत्रिका, टेम्पो यांचा खर्च सगळे कलाकार वाटून घेतात, तिच्या वाट्याला तीन हजार येतील, तेही जमेल तसे दिले तरी चालतील. ती म्हणाली, “घरात इचारते.”

एवढ्यात एस.टी.ची वेळ होत आली. निघताना एक ठराव पुढं आला : गटाच्या खोलीत लावायला एक चित्र घ्यायचं. तेच, लावलेल्या रोपावर पाय देणाऱ्या बायकांचं. चूक असली तरी आपलीच चूक! लहान होतं म्हणून किंमत बाराशे. आमच्या खजिनदार बाई ठाम : “गटाचा पैसा व्याजाचा हाय, भिंतीला टांगायचा न्हाई.” बरोबरच होतं त्यांचं. मग दहा जणींनी एकशेवीस-एकशेवीस काढले. अकराव्या खजिनदार. “मी फुकट बघीन,” म्हणाल्या, आणि आता रोज कुलूप उघडल्यावर त्याच आधी बघतात. त्या दिवशी तिसरा दिवस होता आणि तोवर सात जणांच्या मिळून दोनच कलाकृती खपल्या होत्या, आमचं तिसरं चित्र. मोठ्या शहरातल्या दालनांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या जहांगीरला तारीख मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागतं. इथं तारीख मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. आपण दिवाळीला बाराशेची साडी घेताना मागंपुढं बघत नाही. भिंतीसाठी तेवढे काढताना मात्र हात आखडतो. लग्नात, वास्तुशांतीला आपण जी घड्याळं आणि काचेचे डिनर सेट देतो, ते पुढं दुसऱ्याच्या लग्नात फिरत असतात. त्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं काढलेलं एक लहान चित्र द्यायला काय हरकत आहे?

तर आता ‘घरात इचारते’चं काय झालं ते सांगते. मला वाटलं होतं नवरा अडवेल. नवऱ्यानं हरकत घेतली नाही, उलट तीन हजार ‘बघू की’ म्हणाला. अडवलं सासूबाईंनी, आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. त्या मला म्हणाल्या, “ताई, बैल समद्या घरानं केल्यात. माती त्यो आणतोय, मळती मी, ही घडवती, रंग ह्येंचा. मला हे काम माझ्या सासूनं शिकवलं, हिला मी. मग नाव एकटीचंच कसं?”

बोला आता! मी संस्थेच्या व्यासपीठांवरून ‘स्त्रीची ओळख’ या विषयावर कितीतरी भाषणं केलीत. या प्रश्नाचं उत्तर त्यांतल्या एकाही भाषणात नव्हतं. वारली चित्रांचं आठवा. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणं हे सवाष्णींचं काम. पिढ्यान्पिढ्या बायकांनी ते केलं, कुणीही खाली नाव घातलं नाही. पुढं जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच, त्यात वाद नाही. पण त्या भिंती लिहिणाऱ्या बायकांतली दोन तरी नावं आपल्याला सांगता येतील का? सगळ्यांचं म्हणून जे असतं, त्यात बाईचं नाव कधी विरून जातं ते कळतही नाही. आणि एकटीचंच नाव घातलं तर ज्या सासूनं हात धरून वशिंड ओढायला शिकवलं ती कुठं जाते? मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, दोघींचं घालू. त्या म्हणाल्या, “माझं नाव? ते काय आता रेशनकार्डावर हाय तेवढं बास.” पण ‘नको’ म्हणाल्या नाहीत.

पुढच्या प्रदर्शनासाठी नावं आणि फोटो दिवाळीपर्यंत द्यायचे आहेत. बेंदूर झाला, विकायचे बैल गेले, आणि त्यानंतर सुनेनं पहिल्यांदाच भाजायचा म्हणून एक पोकळ बैल घडवायला घेतलाय. कोल्हापूरच्या त्या बैलाचा फोटो मी मोबाईलवर काढून आणला होता. परवा गेले तेव्हा सासूबाईंनी तो मागून घेतला, दारात उजेडाला धरला, बोटांनी मोठा करून बघितला आणि आतल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, “कानाचं ऱ्हाऊं दे. त्येचं शिंगबी बारीक झालंय बघ.”